सापासाठी तापवलेला सॉना

वीज गेली मंगळवारी सकाळी, आणि पुल्लाने उंदीर गिळला होता सोमवारी संध्याकाळी. एक दिवस इकडचा तिकडे झाला असता तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

पुल्ला म्हणजे सेन्याची अजगरीण. अडीच हात लांब, मनगटाएवढी जाड, तपकिरी अंगावर पिवळसर डाग. वेटोळं घालून बसली की वेलची घातलेल्या गोड पावासारखी दिसायची, म्हणून त्या पावाचंच नाव तिला मिळालं. सेन्याचा बाप ओयवा मात्र तिला पट्टा म्हणायचा. "तुझा पट्टा जेवला का गं?" असं रोज विचारायचा, आणि ती रोज चिडायची. ओयवाला हे चिडणं हवं असायचं. चिडणारं माणूस निदान जिवंत असतं.

गेल्या एप्रिलमध्ये सेन्याने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला होता. छत्तीस वर्षांची पोर, औलु शहरातली नोकरी सुटलेली, नवरा सुटलेला, बापाच्या घरी परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडलेली. ओयवाच्या हाती ती वेळेवर लागली, हे केवळ नशीब. दवाखान्यातून आली तेव्हा ती बोलत नव्हती, खात नव्हती, आणि ओयवा कुऱ्हाडीपासून दोरीपर्यंत सगळं कुलुपात ठेवून तिच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचा. मग जूनमध्ये औलुच्या एका मैत्रिणीने देश सोडताना आपला साप तिच्या गळ्यात मारला, आणि सेन्या उशीच्या अभ्र्यात अजगर घेऊन बसमधून उतरली.

ओयवा आधी शिव्या घालणार होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सेन्या आपणहून उठली. काचेच्या पेटीतलं तापमान बघायला उठली. उठलीच आहे म्हणून कॉफी प्यायली, आणि कॉफी झालीच आहे म्हणून राईच्या पावाचा एक तुकडा खाल्ला. एका बिनपायाच्या जनावराने पोरीला पायांवर उभं केलं, आणि बापाने शिव्या गिळल्या. साप आहे तोवर सेन्या आहे, हे गणित त्याने कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तो त्यावरच जगत होता.

जानेवारीत तीन दिवस ओला बर्फ पडला आणि झाडांना चिकटून बसला. मग थंडी एकदम उणे तीसवर उतरली. वाकलेले भूर्ज आणि स्प्रूस तारांवर कोसळले, आणि तळ्याकाठच्या सगळ्या घरांची वीज गेली. दोन दिवसांत दुरुस्ती होईल असं रेडिओ पहिल्या दिवशी म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी मोबाइलचे टॉवरही बंद पडले.

ओयवाच्या घरात एके काळी भिंतीएवढी पाव भाजायची भट्टी होती. एकदा पेटवली की दोन दिवस घर ऊबदार राहायचं. तीस वर्षांपूर्वी विजेचे हीटर आले तेव्हा त्यानेच ती घण घालून फोडली, आणि मोकळी झालेली जागा शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवली. आता स्वयंपाकघरात एक लहानशी लोखंडी चूल तेवढी होती. ती दिवसरात्र पेटती ठेवून खोली जेमतेम चौदा अंशांवर राहत होती. पुल्लाला लागत होते एकतीस.

"बाबा, तिच्या पोटात अख्खा उंदीर आहे," सेन्या पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "अंग गार पडलं तर तो पचणार नाही. आतच सडेल."

"मग ओकून टाकेल की. मी नाही का नाताळात..."

"चेष्टा नको. त्यातून ती मरू शकते."

ओयवाने त्यानंतर चेष्टा केली नाही. थर्माकोलच्या खोक्याला हवेपुरती भोकं पाडली, आत फडक्यांत गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या रबरी पिशव्या ठेवल्या, मधे पुल्लाला ठेवलं. पिशव्या दोन तासांत गार व्हायच्या. पंप बंद होता, म्हणून तळ्याच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून ओयवा बादल्या भरून आणायचा, सेन्या चुलीवर पाणी तापवायची, पिशव्या भरायची, तापमान बघायची. दिवसा तसंच, रात्री तसंच. मधल्या वेळात ती सापाला स्वेटरच्या आत, पोटाशी धरून बसायची. तीन दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

शुक्रवारी सकाळी खोक्यातलं तापमान तेवीसच्या वर चढेना. पुल्ला मान उंच करून राहिली होती, आणि प्रत्येक श्वासाला बारीक शिटी वाजत होती.

"छातीत सर्दी झालीय," सेन्या म्हणाली. ती जमिनीवर खोक्यापाशी बसली होती. डोळ्यांखाली काळं झालेलं, हात भाजून लाल झालेले. ती म्हणाली, "राहू दे आता, बाबा. माझ्या हातून काहीच जगत नाही."

हा आवाज ओयवाने एप्रिलच्या आधी ऐकला होता. तेव्हा त्याला तो कळला नव्हता, आता कळला. म्हातारा हातातली बादली तशीच ठेवून उभा राहिला.

"सॉना तापवतो," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

"तुझ्या पट्ट्यासाठी. घाम नाही आला तर नुसती बसेल बापडी."

सेन्याने वर पाहिलं. मग तिच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी बाहेर पडलं. "अरे बाबा! जुना सॉना! त्याचे दगड तर दुसऱ्या दिवसापर्यंत गरम असतात."

"म्हणूनच म्हणतो. तीन दिवस माझं डोकं काय बर्फात पुरलं होतं कोण जाणे."

हा सॉना, दर शनिवारी घाम काढून अंघोळ करायची लाकडी खोली, ओयवाच्या बापाने बांधलेला, घरापासून तीस पावलांवर, तळ्याकाठी. वीज नाही, नळ नाही. खाली भट्टी, वर हंडाभर नव्हे, गाडाभर दगड. चार-पाच तास लाकडं जाळायची, दगड तापले की आग विझू द्यायची, आणि मग धुराड्याची झडप लावून ऊब आत कोंडायची. मात्र निखारे पूर्ण काळे पडल्याशिवाय झडपेला हात लावायचा नाही. निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचत असताना झडप लावली तर विषारी वायू आतच साठतो. त्याला वास नसतो, धूर नसतो. माणूस बाकावर बसतो, डोकं जड होतं, झोप येते, संपलं. तळ्याच्या त्या काठाला एक घर होतं, तिथे एका शनिवारी तिघं असे गेले होते. म्हणून ओयवाच्या घरात एक नियम होता: झडप घरच्या कर्त्याने लावायची, दुसऱ्या कुणी नाही. सेन्या लहान असताना टॉवेल गुंडाळून दारात नाचायची आणि ओरडायची, "बाबा, झडप लागली का?" लागली म्हटलं की आत धावायची. त्यावर कुणी काही तपासत नसे. बापाने झडप लावली याचा अर्थ आत जायला हरकत नाही.

"केव्हा नेऊ तिला?" सेन्याने विचारलं.

"झडप लागली की," ओयवा म्हणाला. "तोवर तू जरा पड. मी करतो सगळं."

आणि ती खरंच पडली. चुलीशेजारच्या बाकावर, स्वेटरमध्ये साप घेऊन, बापाचा कोट पांघरून. पाच मिनिटांत तिला झोप लागली, तोंड उघडं टाकून, अगदी लहानपणीसारखी. ओयवा तिच्याकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग दार न वाजवता बाहेर गेला.

नऊ वाजता त्याने भट्टी पेटवली. चांगला वाळलेला भूर्ज होता, पुढच्या नाताळसाठी राखून ठेवलेला. अकराला दगड तापू लागले. सव्वा वाजता त्याने शेवटचा भारा टाकला, तो टाकायला नको होता. पण दगड जितके तापतील तितकी रात्र सुखाची जाईल, असा त्याचा हिशेब. खूप वर्षांनी त्याला आपण कुणाच्या उपयोगी पडतोय असं वाटत होतं, आणि त्या आनंदात त्याने दोन लाकडं जास्तच सरकवली.

दोनला दहा मिनिटं असताना आवारात ट्रॅक्टर आला. काउको होता, पलीकडच्या शेतावरचा. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातला माणूस, त्यामुळे त्याच्याकडे तेवढा एक चालू वायरलेस होता.

"काय रे, आजच शनिवार करून टाकलास?" त्याने धुराड्याकडे बोट दाखवलं.

"सापासाठी तापवतोय."

काउको टोपी मागे सारून बघत राहिला. "लेका, मी चाळीस वर्षं तुझा शेजारी आहे. मला कधी बोलावलं नाहीस, आणि सापाला सॉना?"

"तू शिटी वाजवत नाहीस श्वास घेताना."

"माझी बायको म्हणते वाजवतो."

दोघंही हसले. मग काउकोने काम सांगितलं. फाट्यावर मोठा स्प्रूस रस्त्यात आडवा पडला होता. तो हलल्याशिवाय वीजवाल्यांची गाडी आत येणार नव्हती. करवत चालवायला एक माणूस हवा. दहा मिनिटांचं काम.

ओयवा भट्टीपाशी गेला. निखारे लाल होते, आणि त्यांच्यावर निळी ज्योत अजून खेळत होती. अर्धा तास तरी लागला असता. उघड्या झडपेतून सगळी ऊब उणे तीसच्या आभाळात चालली होती, पाच तासांची मेहनत, नाताळचा भूर्ज. बाहेर काउकोने इंजिन चालूच ठेवलं होतं. ओयवाने विचार केला, आत कुणी नाहीये. आत्ता लावतो, दहा मिनिटांत परत येतो, दार सताड उघडून हवा जाऊ देतो, उरलासुरला वायू जावा म्हणून दगडांवर पहिलं पाणी मारतो, मग सेन्याला उठवतो. सेन्याला सांगून जावं असंही मनात आलं. पण तीन दिवसांनी झोपलेली पोर, तिला एवढ्यासाठी काय उठवायचं!

त्याने झडप लावली.

दहा मिनिटांची कामं दहा मिनिटांत कुठे होतात! झाड बर्फात गाडलेलं, करवतीची साखळी दोनदा निसटली, मग ओढायचा दोर तुटला. ओयवाच्या मनात झडप होती, नव्हती असं नाही. पण मनात चित्र होतं ते रिकाम्या सॉनाचं आणि झोपलेल्या सेन्याचं. तो परत निघाला तेव्हा साडेतीन वाजत आले होते आणि उजेड सरत चालला होता. काउको त्याला सोडायला आला.

स्वयंपाकघराच्या दारापासून सॉनापर्यंत सेन्याच्या बुटांची ताजी पावलं उमटली होती. जाणारी तेवढीच होती.

ओयवा धावला. चौऱ्याहत्तर वर्षांचं माणूस गुडघाभर बर्फात जसं धावेल तसा धावला, पडला, उठला. सॉनाचं दार ओढलं. आतून ऊब अंगावर आली, चांगली, कोरडी, बापजाद्यांच्या सॉनाची ऊब. कसलाही वास नव्हता. सेन्या खालच्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती. वरच्या बाकावर सापाला फार गरम होईल, म्हणून खालचा निवडला होता तिने. शेजारी कॉफीचा मग, थर्मामीटर, आणि रोज तापमान लिहायची वही. तिचे गाल लाल होते. इतकी तंदुरुस्त ती कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

त्याने तिला काखेत धरून बाहेर ओढलं आणि ओरडला. काउको ट्रॅक्टरवरून उडी टाकून आला. त्याने एकदा सेन्याच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा धुराड्याकडे, आणि काही न विचारता वायरलेसवर बोलला. मग तिच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागला. थकला की ओयवा दाबायचा. ओयवा थकला की काउको. रुग्णवाहिका निघाली होती, पण रस्ता धड नव्हता, तासभर लागणार होता. ते बर्फात गुडघ्यांवर बसून दाबत राहिले. तिचं अंग त्यांच्या हातांखाली गार होत गेलं. शेवटी काउकोने ओयवाचे हात धरले आणि बाजूला केले.

"बस कर," तो म्हणाला. "ओयवा, बस कर आता."

तेवढ्यात सेन्याच्या स्वेटरमध्ये काहीतरी हललं. काउको किंचाळून मागे पडला. गळ्यापाशी लोकर उचलली गेली आणि पुल्लाचं डोकं बाहेर आलं. जीभ एकदा लवलवली. असल्या जनावराला हवा थोडी लागते, आणि माणसाला मारणारं विष त्याला सहज मारत नाही. काउको नंतर म्हणाला की त्याला त्या क्षणी फावडं उचलावंसं वाटलं होतं.

ओयवालाही वाटलं असेल. ज्या सापापायी हे झालं तो समोर होता, आणि बाहेर उणे तीस होतं. नुसता बर्फावर टाकला असता तरी पाच मिनिटांचं काम होतं. त्याने दोन्ही हातांनी पुल्लाला बाहेर काढलं. ती गरम होती. सापाला स्वतःची ऊब नसते, ज्याच्याशी टेकेल त्याची घेतो. सेन्याचे हात गार पडले होते, कपाळ गार पडलं होतं, आणि तिच्या अंगची ऊब या जनावरात अजून होती. ओयवाने कोट उघडला, शर्टाची दोन बटणं तोडली, आणि पुल्लाला आपल्या पोटाशी घेतलं. मग तो रडला. आवाज काढून, तोंड वेडंवाकडं करून रडला. काउको दुसरीकडे बघत राहिला.

दोघांनी मिळून सेन्याला घरात आणलं आणि चुलीशेजारच्या बाकावर ठेवलं. काउकोने पुन्हा सॉनाकडे जाऊन झडप उघडली, कॉफीचा मग आणि वही घेऊन आला, आणि टेबलाशी बसला. बराच वेळ तो टोपीशी चाळा करत होता.

"रुग्णवाहिकेमागून पोलीस येतील," तो म्हणाला. "अशा मरणात यावंच लागतं त्यांना. झडप कुणी लावली ते विचारतील."

ओयवाने चुलीत एक लाकूड सरकवलं.

"हे बघ. एप्रिलचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या कागदांतही असेल. तिने स्वतःच लावली म्हटलं तर कुणी खोदून विचारणार नाही. मी म्हणेन तसं. तू गप्प बसलास तरी पुरे. ती तर गेली. तुला अजून इथेच राहायचंय, या तळ्यावर, या माणसांत. म्हाताऱ्या, मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

तो खरंच भल्यासाठी सांगत होता. आणि ओयवाला, खोटं कशाला, क्षणभर ते हवंसं वाटलं. गप्प बसायचं. लोक म्हणतील, बिचारा, पोरीने शेवटी केलंच. पावाच्या दुकानात खांद्यावर हात ठेवतील. आणि मरेपर्यंत कुणी त्याच्याकडे त्या नजरेने बघणार नाही, ज्या नजरेने तो स्वतःकडे आत्ता बघत होता.

त्याने वही ओढून घेतली. सेन्याचं अक्षर बारीक आणि टापटीप होतं, शेवटच्या ओळी तेवढ्या खाली घसरत गेल्या होत्या. दोन वाजून पंधरा: २९. दोन चाळीस: ३१, शिटी कमी. त्याखाली, अक्षर पसरलेलं: शिटी थांबली. बाबाला सांगायचं.

ओयवाने ते दोनदा वाचलं. मग वही काउकोकडे सरकवली.

"वाच."

काउकोने वाचलं, आणि डोळ्यांवरून हात फिरवला.

"झडप मी लावली," ओयवा म्हणाला. "निळी ज्योत दिसत असताना लावली. आणि सकाळी तिला सांगितलं होतं, झडप लागली की ये. झडप लागलेली बघून ती माझ्या शब्दावर आत गेली."

"हे त्यांच्यासमोर असं नको बोलूस. जन्मभर लोक बोल लावतील तुला."

"लावू देत. तिच्या नावावर मी हे टाकणार नाही, काउको. तिने काही केलेलं नाही. ती आज मरायला नव्हती गेली."

काउकोने वही मिटली. बाहेर, फाट्याच्या बाजूने, साफ केलेल्या रस्त्यावरून गाडीचे दिवे आत वळले. ओयवा उठला. पोटाशी पुल्लाने एक वेढा घट्ट केला, तिची ऊब उतरायला लागली होती. त्याने कोट गळ्यापर्यंत लावला आणि दार उघडायला गेला.